हवेची वाट

मे महिन्यात आमच्या सोसायटीतला एक मुलगा कोल्हापूरहून स्वतःची गाडी चालवत बेंगळुरूला आला. जुनी टर्बो पेट्रोल सेदान, दोनशे हॉर्सपॉवरच्या घरात ट्यून केलेली, पुढच्या बंपरच्या जाळीमागे भलामोठा इंटरकूलर बसवलेला. निपाणी, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकुरू असा सहाशे किलोमीटरचा पल्ला, बाहेर रणरणतं ऊन, तरी तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून ढळला नाही. संध्याकाळी गोरगुंटेपाळ्याच्या सिग्नलला गाडी अडकली आणि दहा मिनिटांत काटा चढू लागला. दुसऱ्या दिवशी सिल्क बोर्डच्या कोंडीत तो थेट लाल पट्ट्यापर्यंत गेला. एसी बंद, काचा खाली आणि हीटर पूर्ण सोडलेला, अशा थाटात पोरगा घामाघूम होऊन घरी पोचला.

"काका, रेडिएटर गेलाय. बाहेरचा मोठा टाकतो."

या एका वाक्यावर बेंगळुरूत रोज किती गाड्यांना नवे रेडिएटर बसत असतील! आणि त्यातल्या कित्येक पुन्हा तापत असतील. म्हणून कोणता रेडिएटर घ्यावा याआधी गाडी कुठे तापते हे विचारायला हवं. हायवेला थंड आणि कोंडीत गरम, हे एक दुखणं. कोंडीत ठीक पण चढाला किंवा ट्रॅकवर दामटल्यावर गरम, हे दुसरं. काटा वरखाली नाचतो, पाणी कमी होतं, सकाळी वरचा होज पाइप दगडासारखा कडक लागतो, हे तिसरं, आणि तिथे बहुधा हेड गॅस्केट गेलेली असते. या तिन्हींना एकच औषध नाही. पहिल्या दुखण्यावर मोठा रेडिएटर हे तर औषधच नव्हे.

का नव्हे, ते साध्या हिशेबाने कळतं. एसी लावून जागेवर उभी असलेली अशी गाडी तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पिते. लिटरभर पेट्रोलमध्ये ऊर्जा असते जवळपास ९ किलोवॅट-तास. त्यातला तिसरा हिस्सा कूलंटमध्ये गेला असं धरलं, तर रेडिएटरला बाहेर टाकायची उष्णता होते ३ किलोवॅट, फार तर चार. म्हणजे न्हाणीघरातल्या दीड-दोन गिझरांएवढी. हीच गाडी पूर्ण थ्रॉटलवर १५० किलोवॅट ताकद देते तेव्हा कूलंटमध्ये ७०-८० किलोवॅट उतरतात. गिझरच मोजायचे तर पस्तीस-चाळीस. जो रेडिएटर हायवेवर पुष्कळ मोठा भार सहाशे किलोमीटर वाहून आला, तो सिग्नलवरच्या दोन गिझरांना कसा हरेल? रेडिएटर हरलेला नसतोच. त्याच्यापर्यंत हवा पोचत नसते.

रेडिएटर पाण्याचा असतो, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे जातं. खरा कारभार हवेचा आहे. ७५ किलोवॅट उष्णता हवेत सोडायची आणि हवा त्यात ४५ अंशांनी तापू द्यायची, तर सेकंदाला दीड घनमीटरहून जास्त हवा रेडिएटरमधून आरपार जायला लागते. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत मावेल त्याच्या दीडपट हवा, दर सेकंदाला. एवढी हवा आत यायला वाट हवी, आणि तितकीच बाहेर जायलाही हवी. दुसरी गोष्ट लोक नेहमी विसरतात.

मोटारीच्या इतिहासात हे फार लवकर कळून चुकलं होतं. कार्ल बेंझच्या १८८६च्या तीनचाकीत पाणी उकळून वाफ होऊन जायचं आणि वाटेत पुन्हा भरावं लागायचं. विल्हेल्म मायबाखने १९०० साली पहिल्या मर्सिडीजसाठी, त्या ३५ हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या होत्या. त्या नळ्यांतून पाणी जात नव्हतं, हवा जात होती. पाणी नळ्यांच्या फटींतून फिरायचं. आधीच्या गाडीला १८ लिटर पाणी लागायचं, ते या रचनेत ९ लिटरवर आलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की, मायबाखने त्यामागे एक छोटा पंखा बसवला, कमी वेगात हवा ओढायला. सव्वाशे वर्षांपूर्वी, जेव्हा कोंडी हा शब्दच मोटारीला माहीत नव्हता.

आमच्या पोराने मात्र माझं ऐकलं नाही. जे. सी. रोडवर, जिथे बेंगळुरूचा मोटारींच्या सुट्या भागांचा जुना बाजार आहे, तिथल्या एका दुकानातून ५२ मिलिमीटर जाडीचा चकचकीत ऑल-ॲल्युमिनियम रेडिएटर आणला. कंपनीचा होता २६ मिलिमीटरचा. दुप्पट जाड म्हणजे दुप्पट गार, असा सरळ हिशेब. जाड कोअरमुळे मागे जागा उरली नाही म्हणून मूळचा पंखा, श्राउडसकट, काढून ठेवला आणि दोन चपटे पंखे प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट कोअरला आवळून टाकले. गाडी आधी दहा मिनिटांत तापायची, आता सात मिनिटांत तापू लागली.

मग मी त्याला जे. सी. रोडच्याच मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या रेडिएटरवाल्याकडे नेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. दुकान म्हणजे सिमेंटचा हौद, गॅसची शेगडी, सोल्डरिंगच्या इस्त्र्या आणि भिंतीला टांगलेली रेडिएटरची जुनी कलेवरं. पितळी रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्यांत सळया घालून गाळ काढायचं, म्हणजे रॉडिंगचं काम ते तरुणपणापासून करतात. हल्ली ते काम कमी झालंय, कारण ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या रेडिएटरला रॉडिंग कोण करणार? चाचांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवायला सांगितलं, पंखे लागेपर्यंत थांबले. मग कट्ट्यावरच्या कालच्या 'प्रजावाणी'चं एक पान फाडून जाळीतून आत, एसीच्या कंडेन्सरवर धरलं आणि सोडलं. पंख्यासमोर पान चिकटून बसलं. ते चार बोटं बाजूला सरकवलं आणि पान गळून खाली पडलं. वरच्या कोपऱ्यात धरलं, तिथे तर ते उलट आमच्या दिशेने फडफडलं. इंजिनकडची तापलेली हवा रेडिएटर आणि चौकटीच्या फटीतून वळसा घालून पुन्हा पुढे येत होती. तीच तापलेली हवा पंखे परत आत ओढत होते.

चाचा काही बोलले नाहीत. पानाची घडी करून खिशात ठेवली आणि बोटाने ती फट दाखवली. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्याने कामात कसूर केली नव्हती, पैसेही वाचवले नव्हते. त्याला कोणी हे दाखवलंच नव्हतं.

श्राउड म्हणजे पंख्याभोवतीचा तो प्लास्टिकचा डबा. तो असला की पंखा कोअरच्या संपूर्ण चेहऱ्यातून हवा ओढतो. नसला की फक्त आपल्या पात्यांसमोरच्या गोलातून. उरलेला कोअर कोंडीत निव्वळ शोभेचा. कोअरच्या कडेने लावलेल्या फोमच्या पट्ट्या, बंपरपासून आत नेणाऱ्या प्लास्टिकच्या भिंती, इंजिनखालचं कव्हर, हे सगळं लोक अपघातानंतर किंवा सर्व्हिसिंगच्या वेळी 'काही नाही होत' म्हणून परत लावत नाहीत. खालचं कव्हर गेलं की गाडीखालची हवा इंजिनच्या खोलीत घुसून दाब वाढवते, आणि रेडिएटरमागे दाब वाढला की पुढची हवा आत येईना. ती बंपरला आपटून बाजूने निघून जाते. हवा आळशी असते. तिला दुसरी वाट दिली की ती रेडिएटरमधून जात नाही.

जाड कोअरचं गणितही इथेच चुकतं. ३० अंशांची हवा कोअरच्या पहिल्या २५ मिलिमीटरमध्येच चांगली तापते. पुढच्या थरांना मिळते ती आधीच गरम झालेली हवा. ती फार थोडी उष्णता उचलते. पण त्या थरांचा अडथळा मात्र पूर्ण भोगावा लागतो. ताशी दीडशेच्या वेगात हवेला रेटा असतो, तिथे जाडी उपयोगी पडते. सिल्क बोर्डला रेटा असतो फक्त पंख्याचा. फिन्सचंही तसंच. नळ्यांच्या मधल्या त्या चुणीदार पातळ पत्र्या इंचाला जितक्या दाट, तितकं उष्णता सोडायला क्षेत्रफळ जास्त, पण हवेला फट कमी, आणि धूळ-किडे अडकायची सोयही जास्त. रस्त्यावरच्या गाडीसाठी आधी उंची-रुंदी पाहावी, बसेल तितका मोठा चेहरा घ्यावा. जाडी त्यानंतर, आणि तीही ३६ ते ४० मिलिमीटरवर थांबवावी, असं माझं ठाम मत आहे.

बेंगळुरूची स्वतःची एक अडचण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच. इथली हवा समुद्रकाठापेक्षा साधारण साडेआठ टक्के विरळ. साध्या इंजिनाची ताकदही त्या प्रमाणात घटते, त्यामुळे त्याची उष्णताही घटते, हिशेब जुळतो. टर्बो मात्र विरळ हवा दाबून दाबून आत भरतो आणि ताकद जवळपास तीच ठेवतो. म्हणजे उष्णता चेन्नईइतकीच, ती न्यायला हवा मात्र कमी. उघड्या भांड्यात इथे पाणी ९७ अंशांना उकळतं. रेडिएटरच्या १.१ बारच्या कॅपमुळे ते १२० अंशांपर्यंत तग धरतं. समुद्रकाठी तीच कॅप १२२ अंशांपर्यंत नेते. दोन अंश म्हणजे काहीच नाही, पण कॅपची स्प्रिंग सैल झाली की वीस अंशांचं संरक्षण एका झटक्यात जातं. इतक्या महागड्या रेडिएटरवर जुनीच कॅप लावलेली पाहिली की माझा जीव कळवळतो.

हवामान मात्र आपल्या बाजूने आहे. कूलंट १०० अंश आणि बाहेर २८, तर फरक ७२चा. चेन्नईत बाहेर ३८ असेल तर फरक उरतो ६२. म्हणजे उष्णता सोडण्याची ताकद चौदा टक्क्यांनी घसरली. दाट हवेने जे मिळालं ते सगळं यात गेलं आणि वर थोडं गमावलं. बेंगळुरूची पोरं गाड्या ट्यून करून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर नेतात आणि तिसऱ्या फेरीला वाफा काढत पिटमध्ये येतात, ते यामुळे. ट्रॅकवर जायचं असेल तर रेडिएटर तिथल्या दुपारसाठी निवडावा, इथल्या सकाळसाठी नाही.

आता धातू. तांबं ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहतं हे खरं, आणि म्हणून जुनी माणसं अजून 'तांब्याचाच घ्या' म्हणतात. पण तांब्या-पितळेचा रेडिएटर सोल्डरने जोडलेला असतो आणि सोल्डर उष्णतेचा फारसा मित्र नाही. शिवाय तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे नळ्या अरुंद ठेवाव्या लागतात. ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात, त्या भट्टीत ब्रेझिंग करून फिन्सशी एकजीव होतात. कंपनीच्या रेडिएटरला कोअर ॲल्युमिनियमचा आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या, दाबून बसवलेल्या. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ते प्लास्टिक ठिसूळ होतं आणि होजच्या तोटीपाशी तडकतं. ऑल-ॲल्युमिनियमचा खरा फायदा मला तिथे वाटतो: टाक्या वेल्ड केलेल्या, जास्त दाब सोसणाऱ्या. घेताना वेल्डिंगची शिवण बोट फिरवून पाहावी. एकसारखे खवले दिसले तर हात बसलेला आहे. मध्येच गोळा, मध्येच खड्डा असेल तर ठेवून द्यावा. आणि गाडी ऑटोमॅटिक असेल, मूळच्या रेडिएटरच्या टाकीत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर असेल, तर नव्यातही तो आहे ना, हे पैसे देण्याआधी बघावं.

पोराच्या गाडीवर आम्ही आधी एक काम केलं. कंपनीचा जुना रेडिएटर, मूळचा पंखा आणि श्राउड परत बसवले, कडेने नवीन फोम लावला, खालचं कव्हर शोधून आणलं. कोंडीतलं तापणं त्या दिवसापासून बंद झालं. पंख्याचं कनेक्शन 'डायरेक्ट' करून कायम फिरत ठेवायचा आणि थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता. तो पाळला नाही हे बरं. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला गार समजून पेट्रोल जास्त ओतत राहतो, आणि सिलिंडर झिजतात. गाडी नेहमी किती अंशांवर चालेल हे थर्मोस्टॅटच ठरवतो. मोठ्या रेडिएटरने तो आकडा खाली येत नाही. फक्त जोर लावल्यावर वर जाण्यापासून वाचतो.

आणि जोर लावल्यावर तो वर जात होता. शहरापासून साठ किलोमीटरवरच्या नंदी हिल्सच्या चढाला ओबीडी रीडरवरचा कूलंटच्या तापमानाचा आकडा ११२ झाला. म्हणजे आता मोठ्या रेडिएटरची गरज खरी होती. ५२चा विकला, ४० मिलिमीटरचा, मूळच्या श्राउडला बसेल असा घेतला.

बसवणं एका रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. इंजिन रात्रभर गार झालेलं. खाली परात ठेवून कूलंट काढलं आणि झाकण असलेल्या कॅनमध्ये भरलं. यात हयगय नको: कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि आमच्या पार्किंगमध्ये चार कुत्री राहतात. जुन्या रेडिएटरचे रबरी बुश काढून नव्याला घातले. रेडिएटर बोल्टने करकचून आवळायचा नसतो. तो रबरावर किंचित हलता राहिला पाहिजे, नाहीतर खड्ड्यांचे दणके थेट वेल्डिंगवर बसतात. होज चढवताना तोटीला जरा कूलंट चोळलं, क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या आत येईल अशी सरकवली. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कूलंटमध्ये बुडवून, सगळे दिवे-पंखे लावून व्होल्टेज पाहिलं. ०.१ व्होल्टच्या वर आकडा गेला तर कुठेतरी अर्थिंग सैल आहे आणि तो वाहता करंट ॲल्युमिनियमला आतून भोकं पाडतो. आमचं ०.३ आलं. इंजिनाची अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती. ती घासून लावल्यावर ०.०४.

पाणी कुठलं, हा बेंगळुरूत जिवाभावाचा प्रश्न आहे. कावेरी इथे जवळपास शंभर किलोमीटरवरून, पाचशे मीटर वर चढवून आणतात. ती जिथे पोचत नाही तिथे बोअरवेल आणि टँकर. व्हाइटफील्डकडच्या बोअरवेलचं पाणी नळाच्या तोट्यांवर पांढरा थर चढवतं. तोच थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत चढला की वर्ष-दोन वर्षांत कोअर निकामी. म्हणून तयार मिसळलेलं कूलंट किंवा कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर. रंगावरून कूलंट ओळखू नये, आणि दोन जातींचं एकमेकांत ओतू नये. काही जाती एकत्र आल्या की तपकिरी चिखल होतो.

भरताना घाई केली की हवा अडकते. गाडीचं तोंड जॅकवर उचललं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, ब्लीड स्क्रू उघडून बारीक धारेने ओतत राहिलो. पोरगा वरचा होज हाताने दाबत होता. प्रत्येक दाबाला कूलंटच्या बाटलीत बुडबुडे. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय अखंड धार आली तेव्हा बंद केला. इंजिन चालू करून पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत वाट पाहिली. हीटरमधून गरम वारा आला म्हणजे आत पाणी फिरतंय. गार आला असता तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चाचांची परीक्षा: 'लोकसत्ता'चं पान फाडून कंडेन्सरवर चारही कोपऱ्यांत धरलं. चारही ठिकाणी चिकटलं.

पुढच्या शनिवारी पहाटे नंदीला गेलो. पायथ्याशी ९२, चढाच्या मध्यावर ९८, वरच्या वळणांमध्ये १०१. माथ्यावर, जिथे उंची १,४७८ मीटर आहे, गाडी चालूच ठेवून उभे राहिलो. चार मिनिटांत पंख्याने आकडा ९४वर आणला. परतताना मुद्दाम सिल्क बोर्डवरून आलो, एसी लावून. ९५ ते ९९, ९५ ते ९९, पंखा लागायचा, बंद व्हायचा.

दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर बाटलीत पाव लिटर कूलंट आणखी मावलं. कुठेतरी उरलेली हवा निघाली होती. पोराने मार्करने पातळीपाशी रेघ मारून तारीख लिहिली. तीन आठवडे झाले, रोज सकाळी तो बॉनेट उघडून बघतो. पातळी रेघेवरच आहे.